व्हिसा कुठून काढायचा ते आधी सांगा, कागदांची यादी नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत युरोपच्या व्हिसावर जो लेख आला होता तो इकडे ब्रिटनमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर भरपूर फिरला. फिरला म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. कागदपत्रांची यादी लेखात व्यवस्थित आहे, फोटो कसा हवा, इन्शुरन्स किती हवा सगळं आहे, पण अर्ज कुठून करायचा यावर एकच ओळ आहे आणि ती अशी की परदेशात असलात तर तिथूनही अर्ज करता येतो. ओळ चुकीची नाही हो, अर्धवट आहे, आणि अशा अर्धवट ओळीच्या भरवशावर लोक आईवडिलांची तिकिटं काढून बसतात.

नियम काय आहे ते सांगतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले 29 देश, त्यांचा व्हिसा कोड, म्हणजे व्हिसाची नियमावली, 2009 सालची, एप्रिल 2010 पासून लागू झालेली, मग फेब्रुवारी 2020 पासून त्यात बरेच बदल झाले पण अर्ज कुठून करायचा हा भाग तसाच राहिला. त्यातलं सहावं कलम म्हणतं की तुम्ही ज्या देशात कायदेशीर रहिवासी आहात तिथल्या वकिलातीत अर्ज करायचा. ब्रिटनमध्ये नोकरी करणारा, शिकणारा, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या व्हिसावर आलेला माणूस इथला रहिवासी धरतात, त्याने इथूनच अर्ज करायचा, त्यासाठी भारतात जायची काहीच गरज नाही. पण सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे आलेले आईबाबा रहिवासी नाहीत, ते फक्त आलेले आहेत. त्यांच्यासाठी त्याच कलमात एक फट आहे, की तुम्ही इथे कायदेशीर आहात पण रहिवासी नाही, तर मायदेशाऐवजी इथूनच अर्ज का करताय याचं कारण द्या, पटलं तर अर्ज तपासू. आता ते पटायचं वकिलातीला, आणि 'आलोच आहोत तर पॅरिसही बघून घेतो' हे कारण सहसा कुणाला पटत नाही.

हे मी प्रत्यक्ष बघितलंय. वकिलातींच्या वतीने अर्ज गोळा करणाऱ्या व्हिसा सेंटरवर माझ्या पुढे एक तिशीतला मुलगा आईवडिलांना घेऊन आला होता, आणि त्याच्या हातात जी फाइल होती ती बघून मलाच कौतुक वाटलं, प्रत्येक कागदाला रंगीत टॅग, वडिलांच्या पेन्शनचे कागद, घराचे कागद, स्वतःच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग, सगळं. काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडलीच नाही. आधी पासपोर्ट घेतला, पानं उलटत ब्रिटनच्या व्हिसाच्या पानावर थांबल्या, कॅटेगरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की यांचं इथलं रेसिडेन्स परमिट कुठाय? मुलगा म्हणाला ते व्हिजिटवर आलेत. मग त्यांनी पासपोर्ट फाइलवर ठेवून सगळं पुढे सरकवलं आणि शांतपणे सांगितलं की आमच्याकडे रहिवाशांचेच अर्ज घेतात, यांनी भारतातून करायला हवा होता. तो बिचारा पुन्हा पुन्हा बँक बॅलन्स दाखवत होता. वडील मुलाला म्हणाले, अरे पण पैसे आहेत ना आपल्याकडे. पैशांचा विषयच नव्हता तिथे!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुमच्यासारख्या पेपरने हे पहिल्या परिच्छेदात ठळक छापावं. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत, आणि आईबाबा आलेच आहेत तर इथूनच चार दिवस युरोप करू हा बेत त्यातल्या निम्म्या घरांत तरी शिजत असेल. बेत चांगलाच आहे, फक्त त्याची सुरुवात भारतातून व्हायला हवी. आधी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा काढायचा, तो लागून पासपोर्ट हातात आला की लगेच शेंगेनचा अर्ज भारतातच टाकायचा, कारण दोन्हीकडे पासपोर्ट जमा करावा लागतो आणि एकच पासपोर्ट एकाच वेळी दोन ठिकाणी देता येत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, म्हणजे आईबाबा मुलाकडे पोचल्यावर तिसऱ्या महिन्यात जरी युरोपला जायचं असलं तरी भारतातून निघण्यापूर्वी व्हिसा हातात असू शकतो. यात नियम वाकवण्यासारखं काहीही नाही, फक्त क्रम नीट लावायचा.

आणि भारतातून करण्याचा एक फायदा तुमच्या लेखात यायला हवा होता, तो सुटलाय. 18 एप्रिल 2024 ला युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी मल्टिपल एन्ट्रीच्या, म्हणजे मुदतीत अनेकदा जाता येणाऱ्या व्हिसाचे नियम सैल केले, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो आणि त्याच्या पुढचा पाच वर्षांचा, अर्थात पासपोर्टला तेवढी मुदत उरली असेल तर. बातमी सगळीकडे आली पण त्यातली खालची अट फार थोड्यांनी छापली, की हे भारतात राहणाऱ्या आणि भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी आहे. इथे ब्रिटनमध्ये किंवा आखातात, अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाला जुना सर्वसाधारण नियमच लागतो, म्हणजे दोन वर्षांत तीन व्हिसे वापरा मग एक वर्षाचा मिळेल, मग दोन वर्षांचा, मग पाच. इकडचे लोक ती बातमी दाखवून काउंटरवर वाद घालतात, काउंटरवरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं, तो फक्त कागद गोळा करून पुढे पाठवतो.

आता जे इथले रहिवासी आहेत त्यांचं बोलू, कारण तिथेही पासपोर्ट भारतीय म्हणून भारतातलीच यादी वापरून चालत नाही. इथे पहिला प्रश्न तुमच्या इथल्या परमिटची मुदत किती उरलीय हा असतो. बहुतेक वकिलाती मागतात की युरोपातून परत आल्यावरही निदान तीन महिने इथे राहायची परवानगी शिल्लक असावी. यात सगळ्यात जास्त अडकतात ती विद्यार्थी मुलं. वर्षभर अभ्यास आणि पार्टटाइम नोकरी करून पैसे साठवतात, डिझर्टेशन सबमिट केलं की युरोप करून मग घरी जायचं असं ठरवतात, आणि तेव्हा त्यांच्या स्टुडंट व्हिसाचे जेमतेम काही आठवडे उरलेले असतात. वकिलातीच्या बाजूने बघितलं तर शंका येणारच की हा परत कुठे जाणार. अशा मुलांनी शेवटी नाही, मधल्या सुट्टीत जाऊन यावं, ईस्टरला किंवा ख्रिसमसला, तेव्हा परमिटला भरपूर मुदत असते.

परमिट दाखवायचं कसं हाही एक नवा घोळ झालाय. ब्रिटनने प्लास्टिकचं रेसिडेन्स कार्ड 2024 च्या शेवटी बंद करून सगळं ई-व्हिसावर नेलं, म्हणजे हातात दाखवायला काही नाही, ऑनलाइन अकाउंटमधून शेअर कोड काढायचा, तो टाकला की समोरच्याला तुमचं परमिट ऑनलाइन दिसतं. तो कोड नव्वद दिवस चालतो. अपॉइंटमेंटच्या बरंच आधी काढून ठेवलेला कोड वकिलातीतला माणूस उघडेपर्यंत संपून गेलेला असू शकतो, त्यामुळे कोड आदल्या दिवशी नवा काढा आणि त्या पानाची प्रिंटही फाइलला लावा. पासपोर्ट नवा काढला असेल तर ई-व्हिसाच्या अकाउंटमध्ये तो अपडेट केलाय का हेही बघा, जुना नंबर दिसत राहिला तर दोन कागद जुळत नाहीत.

ज्यांचा इथला व्हिसा वाढवायचा अर्ज चालू आहे त्यांनी तर युरोपचा विचार तेवढ्यापुरता बाजूलाच ठेवावा. अर्ज प्रलंबित असताना इथे राहणं कायदेशीर असतं हे खरं, पण निकाल येण्याआधी देशाबाहेर पडलात तर तो अर्ज मागे घेतला असं धरतात. म्हणजे चार दिवसांच्या रोमसाठी इथलं बस्तानच हलायचं.

पासपोर्ट जमा राहतो याचं भारतात बसून तेवढं काही वाटत नाही. परदेशात राहणाऱ्याला वाटतं. निर्णय पंधरा दिवसांत द्यायचा असा नियम आहे, पण जास्त तपास हवा असला तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेता येतो, आणि तेवढे दिवस तुमचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. त्या काळात घरून फोन आला की वडिलांना ॲडमिट केलंय, तर विमानात बसायला पासपोर्टच नाही. अर्ज मागे घेऊन पासपोर्ट परत मागता येतो, पण त्यातही वेळ जातो आणि फी गेली ती गेलीच. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे त्यांनी अर्ज टाकण्याआधी याचा विचार करावा असं मला वाटतं, एजंट हे कधीच सांगत नाहीत.

एजंटांवरून आठवलं. व्हिसा कोडचं नववं कलम म्हणतं की अपॉइंटमेंट मागितल्यापासून साधारण दोन आठवड्यांत मिळायला हवी. वाचून हसू येतं. एप्रिल-मे मध्ये फ्रान्स, इटली, स्पेन कुणाचंही कॅलेंडर उघडा, लाल चौकोनच्या चौकोन, म्हणजे तारीखच शिल्लक नाही. रात्री उशिरा अपॉइंटमेंटचे स्लॉट सुटतात म्हणून लोक जागतात, आणि सुटलेला स्लॉट बघताबघता गायब, मग तोच स्लॉट कुणीतरी मेसेजिंग ग्रुपवर विकायला काढतो. अशा माणसाला पासपोर्टचा फोटो, जन्मतारीख, अकाउंटचा पासवर्ड सगळं पाठवून लोक मोकळे होतात, एरवी बँकेचा ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून आईबाबांना बजावणारे हेच लोक बरं का. ओळखीतल्या एकाचे पैसेही गेले आणि स्लॉट दुसऱ्याच शहराचा निघाला. तुमच्या पुरवणीत अशाच एका एजंटाची जाहिरात लेखाच्या बाजूलाच होती, ती तेवढी टाळता आली असती.

फीचंही थोडं सांगतो. 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना माफ. लेखात जुने 80 छापलेत, ते दुरुस्त करा. यावर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज असतो आणि तो सर्वसाधारणपणे व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त नसावा असा नियम आहे. त्याच्या पुढे जे काही सांगतात, लाउंज, एसएमएस, कुरिअर, कागद तपासून देणं, ते सगळं ऐच्छिक आहे आणि त्यातल्या कशानेही निकालावर ढिम्म फरक पडत नाही, कारण निकाल सेंटर देतच नाही. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. पण अर्ज मुळात घेण्यासारखाच नव्हता म्हणून परत केला, म्हणजे ज्याला अग्राह्य म्हणतात तसा, तर व्हिसा फी परत करायची असं व्हिसा कोडमध्येच आहे, ती मागून घ्या.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा यावर तुमच्या लेखात 'ज्याचा व्हिसा पटकन मिळतो त्या देशाकडे करावा' असा सल्ला आहे, तो मला अजिबात आवडला नाही. नियम असा की मुख्य मुक्काम जिथे, म्हणजे जास्त दिवस किंवा प्रवासाचं मुख्य कारण जिथे, त्या देशाकडे अर्ज. तसं ठरवताच येत नसेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. इटलीत पाच दिवस आणि फ्रान्समध्ये दोन असतील तर इटली. स्लॉट मिळाला म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करायचा, तिथली हॉटेलं बुक करून दाखवायची, व्हिसा आला की ती कॅन्सल करून भलतीकडेच जायचं, हे सर्रास चालतं आणि बहुतेक वेळा खपूनही जातं. नाही खपलं तर विमानतळावर विचारतात की व्हिसा दिला त्या देशात तुमचं एकही बुकिंग कसं नाही, तिथे उत्तर नीट नसलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि त्याची नोंद व्हीआयएस नावाच्या त्यांच्या सामायिक सिस्टीममध्ये राहते, जी 29 च्या 29 देशांच्या वकिलातींना दिसते. बोटांचे ठसेही त्यातच असतात, एकदा दिले की साधारण पाच वर्षं, नेमकं सांगायचं तर 59 महिने पुन्हा वापरता येतात, बारा वर्षांखालच्या मुलांचे घेतच नाहीत.

व्हिसा आला की आनंदात स्टिकर कुणी धड वाचत नाही. त्यावर कधीपासून कधीपर्यंत या दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. एका एन्ट्रीच्या व्हिसात तारखांमध्ये पंधरा दिवसांची जादा सवड धरलेली असते, ती फ्लाइट पुढेमागे झाली तर म्हणून, जादा राहण्यासाठी नाही. दहा दिवस लिहिलेत तर दहाच, आणि पोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर नवी कॉम्प्युटर सिस्टीम सुरू झालीय, ती शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांवरून येणंजाणं नोंदवते, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे सबबी आता संपल्या.

एन्ट्रीचा आकडा तर आईबाबांच्या बाबतीत फारच महत्त्वाचा. समजा भारतातून आधी पॅरिस, मग युरोस्टारने लंडनला मुलाकडे, आणि परतताना ॲमस्टरडॅम बघून भारत. नकाशावर सरळ दिसतं, पण पॅरिसहून लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, ॲमस्टरडॅमसाठी दुसरी एन्ट्री लागते. स्टिकरवर एकचा आकडा असला तर तिथे प्रवास संपला. उलट बाजूने लंडनहून पॅरिसला जायचं तर फ्रान्सचे सीमा पोलीस लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरच बसतात, म्हणजे गाडीत चढायच्या आधीच अडवतात. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, सायप्रसही अजून नाही, बल्गेरिया आणि रोमानिया मात्र 1 जानेवारी 2025 पासून जमिनीवरूनही पूर्ण आत आले.

एकाच घरात दोन रंगांचे पासपोर्ट असले की आणखी मजा. मुलं ब्रिटिश, आईचा पासपोर्ट भारतीय, मुलं व्हिसाशिवाय स्पेनला जाणार आणि आई स्लॉट शोधत बसणार हे इथे घरोघरी आहे. ब्रेक्झिटच्या आधी ब्रिटिश नागरिकाबरोबर जाणाऱ्या नवरा-बायकोला व्हिसा फुकट आणि कागद कमी अशी सोय होती, ती 2021 पासून गेली. ती सोय युरोपियन युनियनच्या नागरिकाच्या जोडीदाराला अजूनही आहे, म्हणजे नवरा आयरिश किंवा जर्मन असेल आणि दोघं मिळून फ्रान्सला जात असतील तर बायकोच्या व्हिसाला फी नाही. पण त्याच नवऱ्याच्या स्वतःच्या देशात जायचं असेल तर ही सोय साधारणपणे लागत नाही. माहीत नसल्याने कित्येक जण उगीच फी भरत बसतात.

तुमच्या लेखाच्या शेवटी अमेरिकेचाही उल्लेख आहे, की भारतात मुलाखतीची तारीख मिळत नसेल तर बँकॉकला वगैरे जाऊन व्हिसा काढावा. हा सल्ला आता छापू नये. 6 सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलंय की पर्यटक आणि तत्सम व्हिसासाठी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातच मुलाखत घ्यावी, दुसरीकडे जाऊन अर्ज केला तर व्हिसा मिळणं अवघड होईल, भरलेली फी परतही मिळणार नाही आणि दुसरीकडे वळवताही येणार नाही. म्हणजे शेंगेनवाले जे आधीपासून म्हणत होते त्याच दिशेने अमेरिकाही आली. ब्रिटनचं तेवढं वेगळं, व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ब्रिटनबाहेर कुठूनही करता येतो.

नकाराबद्दल तुमच्या लेखात काहीच नाही. नकार एका ठरलेल्या फॉर्मवर येतो, कारणासमोर खूण केलेली असते, आणि अपील करायचा हक्क असतो, पण ते ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे, तुम्ही राहता त्या देशाच्या नाही. जर्मनीत वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करायची फुकट सोय होती, ती 1 जुलै 2025 पासून बंद झाली, आता थेट कोर्ट नाहीतर नवा अर्ज. छोट्या सहलीसाठी कोर्टात कोण जाणार, त्यामुळे बहुतेकांसाठी नवा अर्जच. तो टाकताना आधीच्या फॉर्मवर ज्या कारणासमोर खूण आहे त्याचंच उत्तर कव्हरिंग लेटरमध्ये पहिल्या परिच्छेदात द्यावं. तीच फाइल तशीच पुन्हा पाठवली तर उत्तरही तेच येतं.

तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती, ती मे महिन्यात छापू नका. मेमध्ये लोक बॅगा भरत असतात. जूनच्या प्रवासाचे अर्ज डिसेंबरपासून घेतात, आईबाबांचे ब्रिटनचे व्हिसे त्याच्याही आधी काढावे लागतात, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली पुरवणी बरी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक, ब्रिटन
(नाव छापू नये ही विनंती)